घरचा वाटाड्या

वासरांना डाग देऊन झाले, मदतीला आलेले शेजारी जेवून आपापल्या गाड्या घेऊन गेले, आणि टिब्बेट्सांच्या स्वयंपाकघरात घरची पाच माणसं उरली. लोर्ना ह्याचीच वाट बघत होती. परक्यांसमोर भांडायचं नाही, एवढा एकच नियम त्या घरात सगळे पाळत. तिने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि बीन्सच्या पातेल्याशेजारी ठेवला.

"लागला?" नेटीने विचारलं. आईचे हात साबणाचे होते, ते तिने एप्रनला पुसले.

"लागला, आई. आठ वर्षं अर्ज केले तेव्हा आत्ता सोडतीत नाव आलं. एल्कच्या, त्या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना. लंगड्या घोडीच्या ओढ्याचा."

लुएला आत्याने टेबलावर अशी थाप मारली की काटेचमचे उडाले. बाबांनी, म्हणजे हार्लनने, मान खाली घालूनच कॉफीचा घोट घेतला. आणि थोरला भाऊ बर्क, जो तिसऱ्यांदा बटाटे वाढून घेत होता, त्याने चमचा पातेल्यात तसाच ठेवला.

"छान झालं," तो म्हणाला. "कीटनशी बोलतो मी. त्याच्या शिकारी छावणीत अजून एक जागा आहे. माझी बहीण म्हणून अर्ध्या दरात नेईल. तंबू, आचारी, दहा खेचरं, चार कामाची माणसं. तू फक्त बंदूक घेऊन यायचं."

"मी कीटनबरोबर जाणार नाहीये."

"मग कुणाबरोबर जाणार? एकटी जायला तुला बंदी आहे."

हे खरं होतं, आणि हेच लोर्नाला आठ वर्षं सलत होतं. ती ह्याच स्वयंपाकघरात जन्मली होती, मार्चच्या हिमवादळात, रस्ता बंद असताना, आणि तिची नाळ कापली होती ती लुएला आत्याने. पण गेली नऊ वर्षं ती शेजारच्या राज्यात, ओमाहाच्या इस्पितळात लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढत होती. त्यामुळे वायोमिंग राज्याच्या लेखी ती परकी. परक्या माणसाने राखीव रानात मोठ्या शिकारीला जायचं तर सोबत धंदेवाईक वाटाड्या पाहिजे. नाहीतर राज्यात राहणारं एखादं माणूस पाहिजे, ज्याने वाटाड्याचा फुकटचा कागद काढलाय आणि जे एक दमडीही घेणार नाही. चौतीस वर्षांच्या लोर्नाने आजवर एकही एल्क मारलेला नव्हता. बारा वर्षांची असताना हट्ट केला तर 'पुढच्या वर्षी' म्हणाले, आणि पुढच्या वर्षापासून बाबा त्या ओढ्याकडे फिरकलेच नाहीत.

"तू ये की," ती बर्कला म्हणाली.

"मी कीटनकडे वाटाड्याच्या नोकरीला आहे, लोर्ने. हंगामात तो सांगेल त्याच्याबरोबर मी. यंदा टेक्ससचा एक दंतवैद्य आहे. त्याला घोड्यावर चढायला स्टूल लागतं."

"म्हणजे आपल्या ओढ्यात मला वाट दाखवणार कुणीतरी अनोळखी बाप्या."

"तो अनोळखी बाप्या दरवर्षी तिथं जातो. तू शेवटची कधी गेली होतीस?"

लोर्नाने परवान्याचा कागद आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "आणि दात? दात कुणाला देऊ, कीटनच्या आचाऱ्याला?"

एल्कच्या वरच्या जबड्यात दोन गोटीएवढे दात असतात, हस्तिदंतासारखे, मध्ये तपकिरी झाक असलेले. बाकी खोऱ्यात शिकारी ते स्वतः मिरवतात. टिब्बेट्सांत तसं नाही. त्यांच्यात पहिल्या एल्कचे दात गोळी झाडणारा ठेवत नाही. ज्यांनी मांस पाठीवर घेऊन घरी आणलं, त्यांना ते द्यायचे. गोळी कुणीही झाडतं, ओझं घरचंच माणूस वाहतं, असं त्यांचा पणजोबा म्हणायचा, आणि पणजोबाचं बाकी काही कुणी ऐकलं नसलं तरी एवढं ऐकलं होतं. लुएलाच्या गळ्यातल्या साखळीत हार्लनच्या पहिल्या एल्कचा दात होता. एकवीस वर्षांची असताना तिने मागचा फरा, म्हणजे अख्खी मांडी, पाठीवर घेऊन गुडघाभर बर्फातून आणला होता.

"मी काढते तो कागद," लुएला म्हणाली. "वाटाड्याचा. मी राहते ना ह्या राज्यात? एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. चाळीस पोरं सांभाळण्यापुढे एल्क म्हणजे काय."

"तुझा खुबा?" नेटीने विचारलं.

"खुबा माझा आहे, नेटी. कुठं आहे आणि किती दुखतो, मला ठाऊक आहे."

"तुमचं दोघींचं डोकं ठिकाणावर आहे ना?" बर्क म्हणाला. "घोड्याएवढं जनावर असतं ते. ते पडलं की शिकार संपत नाही, तिथून सुरू होते. सोलायचं, फरे करायचे, उचलायचे, वर टांगायचे, अस्वलाच्या आधी तिथून निघायचं. सहासष्ट वर्षांची बाई आणि एक ओमाहाची..."

"ओमाहाची काय?"

"पाहुणी," बर्क म्हणाला, आणि म्हटल्या म्हटल्या त्याला वाटलं की नको होतं म्हणायला.

लोर्नाला तो शब्द लागला. मागच्या वर्षी घटस्फोटाचे कागद आले त्या दिवशी तिने ठरवलं होतं, काहीही होवो, ह्या घराशी आपली गाठ सुटू द्यायची नाही. आणि इथे सख्खा भाऊ पाहुणी म्हणतोय. आता तिने आपलं शेवटचं माणूस पुढे केलं.

"बाबा, तुम्ही सांगा ह्याला. आपण जाऊ. तुम्ही, मी आणि आत्या."

हार्लनने कप खाली ठेवला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, सकाळपासून वासरं दाबून धरण्यात दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "कीटनबरोबर जा."

"काय?"

"त्याच्याकडे माणसं आहेत. जा त्याच्याबरोबर."

"बरोबरच बोलतायत ते," नेटी म्हणाली, पण नवऱ्याकडे तिने जरा चमकून बघितलं. हार्लनने आजवर कीटनबद्दल चांगला शब्द काढलेला तिने ऐकला नव्हता.

लोर्ना उठली. तिचा आवाज चढला नाही, पण ती घाबरली असेल असंही कुणाला वाटलं नाही. "मी आपल्याच ओढ्यात गिऱ्हाईक म्हणून जाणार नाही. कुणी आलं नाही तरी आत्या येणार आहे, आणि कायद्याला तेवढं पुरतं. तुम्ही सगळे कीटनकडे जेवायला जा."

"ठीक आहे," बर्कही उठला. "फार तयारी आहे ना तुमची? चला, दाखवा. डचेस खेचरावर दोन फरे चढवून दाखवा. अंगणाला एक फेरी घाला. ओझं घसरलं नाही तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"लिहून दे," लुएला म्हणाली आणि हॅट डोक्यावर घालून निघालीसुद्धा.

*

डचेस हे खेचर सतरा वर्षांचं होतं आणि त्याला माणसांबद्दल फारसा आदर नव्हता. बर्कने फऱ्यांच्या जागी कोठारातून दोन पोती आणून टाकली. लोर्नाने आणि आत्याने एकेक पोतं दोन्ही बाजूंच्या पडशांत घातलं, दोर आवळला, गाठ मारली. गाठ चांगली होती. लुएलाच्या हातांनी ती पंचेचाळीस वर्षांत विसरली नव्हती. डचेस दहा पावलं चाललं आणि खोगीर हळूहळू डावीकडे कलत त्याच्या पोटाखाली गेलं. डचेस थांबलं. अशा वेळी थांबावं एवढी अक्कल त्याला होती.

"डाव्या पोत्यात मिठाची एक लादी जास्त टाकली होती," बर्क म्हणाला.

"लबाडा!" लुएला ओरडली.

"एल्क तुम्हाला तोलून फरे देत नाही, आत्या. एक फरा हाडासकट असतो, दुसऱ्याला गोळी लागून निम्मा वाया गेलेला असतो. लोक गाठी शिकून येतात. वजन हातात घेऊन बघायचं कुणाला सुचत नाही."

त्याला वाटलं होतं लोर्ना चिडेल, भांडेल. लहानपणी ती पत्त्यांत हरली की डाव उधळायची. पण तिने निमूट दोन्ही पोती उतरवली. एक उजव्या हाताने उचलून बघितलं, दुसरं त्याच हाताने. मग कुंपणाशी गेली, तिथले दोन दगड उचलले, एक टाकला, दुसरा ठेवला, हलक्या पडशीत घातला. पुन्हा बांधलं. दोर लुएलाने धरला, आवळायला मात्र लोर्नाने तिला हात लावू दिला नाही. डचेसने अंगणाला पूर्ण फेरी घातली आणि खोगीर जागचं हललं नाही.

बर्क ते बघत उभा राहिला. चौदा हंगामांत त्याने कितीतरी पैसेवाल्यांना शिकवलं होतं, आणि दुसऱ्या खेपेला न बोलता चूक सुधारणारा त्याला एखाददुसराच भेटला होता. हे तिला सांगावं असं त्याला वाटलं. पण लुएला कुंपणाला टेकून उभी होती, एका पायावरचा भार काढून घेत, कुणी बघत नाही असं समजून. ते त्याने पाहिलं आणि त्याचं मन पुन्हा घट्ट झालं.

"ठीक. आता हेच चार मैल, चढाला, ताज्या बर्फात," तो म्हणाला. "आणि फरे दोन नाहीत, चार. पहिली खेप खाली नेऊन परत याल तेव्हा तिथं अस्वल बसलेलं असेल. आमच्या वेळी बसलं होतं. बाबांना विचार. माझ्या पहिल्या एल्कचा एक घाससुद्धा घरी आला नाही."

"अस्वल नव्हतं," हार्लन म्हणाला.

तो कधी बाहेर आला ते कुणी पाहिलं नव्हतं. नेटी त्याच्या मागे दारात उभी होती, हातात ताट पुसायचा कपडा.

"बाबा, राहू द्या," बर्क पटकन म्हणाला.

"बावीस वर्षं राहू दिलं." हार्लनने कुंपणाचा खांब धरला. "लोर्ना, ऐक. अस्वल वगैरे काही आलं नव्हतं. ह्याने गोळी झाडली तेव्हा ऊन डोंगराआड गेलं होतं. एल्क कड्याखाली खोल पडला होता. हा म्हणाला, बाबा, आत्ताच सोलूया. सतरा वर्षांचा होता, पण बरोबर बोलत होता. मी म्हणालो, थंडी पडलीय, सकाळपर्यंत काही होत नाही. पोट साफ केलं आणि कातडं तसंच ठेवून तंबूत येऊन झोपलो. मी दमलो होतो. बाकी काही कारण नव्हतं."

डचेसने पाय आपटला.

"सकाळी गेलो. वरून गार दगड. कातड्याखाली हात घातला तर आत पावाच्या फुगायला ठेवलेल्या पिठासारखं ऊबदार. हाडापाशी सगळं आंबलं होतं. अख्खा हिवाळा पुरला असता एवढं मांस आम्ही कावळ्यांना टाकलं. आणि येताना मी ह्याला सांगितलं, अस्वल आलं होतं म्हणायचं."

"हार्लन टिब्बेट्स," नेटी दारातून म्हणाली, "बावीस वर्षं मी त्या अस्वलाची गोष्ट चर्चमध्ये सांगत आलेय! उभं राहिलं की केवढं होतं ते हात वर करून दाखवते मी!"

लुएलाला हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात लपवलं. लोर्ना हसली नाही. ती बाबांकडे बघत होती. त्यानंतर ते ओढ्याकडे का फिरकले नाहीत, तिचं 'पुढचं वर्ष' कधीच का आलं नाही, हे तिला आत्ता कळत होतं.

"म्हणून कीटन?" तिने विचारलं. "मला वाटलं, तुम्हालाही मी पाहुणीच वाटते."

"वेडी आहेस का गं," हार्लन म्हणाला. "मी आलो तर मी पुन्हा तेच करीन असं मला वाटतं. दमलो की मला उद्यावर टाकावंसं वाटतं. तेव्हा एकोणपन्नासचा होतो. आता बघ."

बर्कने तोंड फिरवलं. लोकांनी विचारलं, तू वाटाड्या का झालास, तर तो सांगायचा की घोडे आवडतात. कीटनची छावणी त्याला आवडायची ती तिथल्या माणसांसाठी. जनावर पडलं की चार जण सुऱ्या घेऊन धावायचे, आणि उद्यावर टाकू असं कुणी म्हणूच शकत नव्हतं. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं तर बाबांचं नाव घ्यावं लागलं असतं.

"आता आत चला," लोर्ना म्हणाली. "मी जाणार आहे आणि घरच्यांबरोबरच जाणार आहे. कसं जायचं तेवढं लिहून काढू."

*

नेटीने धान्यवाल्याच्या कॅलेंडरचं सरलेलं पान फाडून दिलं आणि कॉफी पुन्हा चढवली. ती आता कुणाच्या बाजूने आहे हे तिने सांगितलं नाही, पण लोर्नाच्या पुढ्यात केकचा सगळ्यात मोठा तुकडा आला.

लोर्ना लिहीत गेली. छावणी पायवाटेच्या तोंडापासून चार मैलांपलीकडे नाही. कड्याखाली उतरलेल्या जनावरावर गोळी नाही. फरे आतड्यांपासून शंभर पावलं दूर टांगायचे, आणि परत येताना वाऱ्याची दिशा बघून, अस्वलाला ऐकू जाईल असं मोठ्याने बोलत यायचं.

"ते मी करीन," लुएला म्हणाली. "वाट मी दाखवीन, बडबड मी करीन. उचलायला मात्र दुसरं कुणी बघा. खुब्याचं नेटीने मगाशी विचारलं ना, तर दुखतो तो. झालं समाधान?"

"झालं," नेटी म्हणाली.

"बाबा," लोर्नाने कागद फिरवून हार्लनपुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं. "तुमचं राहिलंय."

"मी येत नाहीये."

"घोड्यावर नका येऊ. पायवाटेच्या तोंडाशी गाडी, बर्फाच्या पेट्या आणि एक ताजंतवानं खेचर घेऊन थांबा. पण इथं काय लिहायचं, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही."

हार्लनने खूप वेळ पेन हातात धरलं. त्याचं अक्षर मुळातच वाईट, त्यात सकाळभर वासरांशी झटून बोटं सुजलेली. त्याने लिहिलं: दुपारी दोननंतर गोळी नाही, केवढाही मोठा एल्क उभा असला तरी. त्याखाली लिहिलं: कातडं आधी. जेवण नंतर. आणि 'आधी'खाली एवढ्या जोराने रेघ ओढली की कागद फाटला.

शेवटची ओळ लोर्नाने लिहिली, 'उचलणार', आणि पुढे एक आपलं नाव घातलं. दुसरी जागा मोकळी राहिली. पेन तिने त्या जागेजवळ ठेवलं आणि भावाकडे मुद्दाम बघितलं नाही.

बर्क उठला आणि बाहेर गेला. त्याच्या गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. "गेला," नेटी हळूच म्हणाली. पण गाडी सुरू झाली नाही. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात तंबाखूची जुनी, गंजलेली डबी होती. ती त्याने टेबलावर ठेवून उघडली. आत कापसावर दोन दात होते.

"तुला म्हटलं होतं, टाकून दे," हार्लन म्हणाला.

"टाकवले नाहीत. मांस घरी आलं नाही, म्हणून कुणाला देताही आले नाहीत." बर्कने पेन उचललं आणि मोकळ्या जागेत आपलं नाव लिहिलं. "ऑक्टोबरचा पहिला आठवडा मी नाही, असं कीटनला आज सांगतो."

"काढून टाकलं तर?" लोर्नाने विचारलं.

"तर दंतवैद्याला दुसरा स्टूलवाला बघावा लागेल. पण एक दात माझा, लोर्ने. आत्ताच सांगून ठेवतो."

"आधी उचल तर," ती म्हणाली, पण तिला पुढचं दिसेनासं झालं आणि तिने केकच्या ताटलीत डोकं घातलं.

लुएलाने डबी आपल्याकडे ओढली, दात बोटाने फिरवून बघितले आणि ती हार्लनपुढे ठेवली. "ओझं ज्याने वाहिलं त्याला दात, असंच आहे ना आपल्यात? मग हे बावीस वर्षं कुणी वाहिलं ते तुला माहीत आहे. मला सांगायला लावू नकोस."

हार्लनने दोन्ही दात डबीतून काढले. टेबलाला वळसा घालून तो मुलापाशी गेला, त्याचा हात धरून उघडला, दात त्यात ठेवले आणि मूठ मिटून दिली. बर्क एकोणचाळीस वर्षांचा होता आणि त्याच्या आईच्या देखत लहान मुलासारखा रडला. कुणी त्याला गप्प केलं नाही.

मग नेटीचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. "अरे, ते खेचर! ओझ्यासकट उन्हात उभं आहे."

"असू दे गं, कॉफी पिऊन जातो," बर्क डोळे पुसत म्हणाला.

"नाही," हार्लन म्हणाला. त्याने खुंटीवरची हॅट काढली आणि दार उघडलं. "आत्ता उतरवायचं. लोर्ना, चल, दुसरी बाजू धर."